खणाच्या पिशवीतलं वाण

माझ्या मोठ्या नणंदेने ज्याला हादरवलं नाही असा माणूस अख्ख्या पनवेलमध्ये शोधून सापडायचा नाही, आणि मी तर त्यांच्याच घरात सून म्हणून आले. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून वन्सं निवृत्त झाल्या आणि ज्या वयात बायका देवळात जातात त्या वयात परडी घेऊन उड्डाणपुलाखाली जाऊ लागल्या. मला वाटायचं, परडीत फुलं असतील. एकदा सहज रुमाल उचलला, तर आत इंजेक्शनच्या सिरिंजा. पुलाखालच्या गर्दुल्ल्यांना कोऱ्या सुया वाटायच्या म्हणे. मी रुमाल तसाच परत झाकला. "अगं, एकमेकांच्या सुया टोचून मरतात ती पोरं," वन्सं म्हणाल्या. "नशा केली म्हणून जगायचा हक्क जातो का?" हेच सांगायला त्या अमली पदार्थांवरच्या व्हिएन्नाच्या जागतिक परिषदेलाही जाऊन आल्या, डबाभर चिवडा घेऊन. तिथं काय पाहिलंत विचारलं तर म्हणाल्या, "हक्क हा शब्द ठरावात ठेवायचा की काढायचा, यावर सगळे देश दिवसभर भांडतात. त्यापेक्षा आपल्या सोसायटीची सभा बरी."

आमच्या गेटवर उरणकडची एक कोळीण मासे विकते. तिचा मुलगा हरेश न्हावा शेव्याला ट्रकवर असताना गर्दच्या नादी लागला. कुणाच्या तरी सांगण्यावरून आईने त्याला एका खासगी व्यसनमुक्ती केंद्रात टाकलं, तर तिथं त्याला खाटेला साखळीने बांधून ठेवलेलं. वन्संनी जाऊन असं भांडण केलं की त्यांना त्याला सोडावंच लागलं. तेव्हापासून रोज सकाळी तो गेटवर येतो आणि वन्सं त्याला सरकारी दवाखान्यात नेतात. तिथं गर्दची तलफ मारणारी गोळी जिभेखाली ठेवायला देतात; ती चुकली की परत सुई, आणि त्या सुईने एक दिवस त्याचा जीव जाणार, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वन्संनी खणाच्या पिशव्यांतून वाण लुटलं. पिशव्या चाचपून बायका खूश. मेंदीचे कोन असणार. सोसायटीच्या अध्यक्षांच्या बायकोने तिथंच पिशवी उघडली, आतल्या सिरिंजा पाहिल्या आणि तिळगूळ तिच्या घशात अडकला. "आपापल्या हाताने पुलाखाली पोचवा," वन्सं शांतपणे म्हणाल्या. भराभर पिशव्या सोफ्यावर परत आल्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. एकट्या कोळणीने आपली पिशवी पदरात बांधली. "बायांनो, माजा पोर जिता हाय तो यांच्यामुलं. मी पोचवीन."

गेल्या आठवड्यात हरेश परत घसरला, घरीही जाईना. एवढं करून काय मिळालं, म्हणून मी वन्संवर चिडले. त्यांना मात्र धक्का म्हणून बसत नाही. "जिवंत आहे ना, मग उद्याची गोळी आहे," त्या म्हणाल्या. त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून मी गेटवर खुर्ची नेऊन देते आणि अलीकडे स्वतःही थांबते. आज ऊन चांगलं वर आलं तरी तो आलेला नाही. कोळीण पाटी उतरवून आमच्याकडे बघते. "झोप लागली असेल त्याला," वन्सं म्हणतात. मी हो म्हणते. त्यांचा हात मी हातात घेतलाय, आणि त्यांनी माझा घट्ट धरून ठेवलाय.