बुटांवरची धूळ

कुटुंब न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत मी नातवाला घेऊन बसले होते. शेजारी सुट्टीवर आलेला एक फौजी होता. घटस्फोटाच्या दाव्यात त्याला मुलीची तासभर भेट मिळाली होती, आणि तो तिचे शाळेचे बूट रुमालाने घासत बसला होता.

“बाबा, खेळू या ना.”

“एवढं झालं की खेळू.”

मला चीडच आली. तास सरत चालला होता. मग वाटलं, मुलीजवळ रोज कोण असणार, या कोर्टाच्या प्रश्नाला सीमेवरच्या माणसाने काय उत्तर द्यावं? रोज थोडी थोडी करायची माया तो एका बैठकीत करू पाहत होता.

आई न्यायला आली. मुलीने मागे वळून पाहिलं नाही. ती खाली बघत, आवारातली धूळ चुकवत, फाटकापर्यंत जपून चालत गेली.