साडीखालचं खोकं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आमच्या यांना नाही, सख्ख्या बहिणीला नाही. गणपतीपुळ्याला दोनदा मनाशी ठरवून गेले, हात जोडून उभी राहिले आणि नारळ ठेवून परत आले. देवाला सगळं ठाऊकच असतं, त्याला वेगळं काय सांगायचं — अशी स्वतःची समजूत घातली. तुम्हाला मात्र ठाऊक नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

पण एकदम नाही जमायचं. आधी क्लबाबद्दल बोलू दे.

आमचा रत्नागिरीत एक सेवाभावी क्लब होता. नाव नको. दोन-तीन डॉक्टर, वकील, आंब्याचे बागायतदार, बँकेतली मंडळी आणि माझ्यासारख्या चार शिक्षिका. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सभा. प्रार्थना, मागच्या सभेचं इतिवृत्त, पुढचे प्रकल्प, आभार आणि बटाटेवडा — या क्रमात कधी बदल झाला नाही. वर्ष जुलैत सुरू व्हायचं. नवा अध्यक्ष, नवा चिटणीस, नवा खजिनदार. अध्यक्षाने भाषण करायचं, खजिनदाराने नाही म्हणायचं आणि चिटणीसाने मरमर मरायचं, अशी आमची वाटणी. नोटिसा काढा, हॉल धरा, बॅनर रंगवून घ्या, रुसलेल्यांची समजूत काढा. आणि महिना संपला की वर, प्रांताला, अहवाल पाठवा.

त्या अहवालाला गुण असत. नेत्रशिबिराला गुण, झाडं लावली तर गुण, पेपरात फोटो आला तर आणखी गुण. प्रांताध्यक्षांच्या हस्ते एखादा प्रकल्प सुरू झाला तर विचारूच नका. वर्षाअखेर सगळ्या प्रांतातून एका चिटणीसाला ढाल मिळायची. मी जन्मभर पोरांच्या पेपरांवर लाल शाईने गुण दिले. मला कुणी गुण देणार म्हटल्यावर मी वेडीच झाले. हसू येतं ना? तेव्हा मलाही यायचं.

नव्याण्णव साली मी चिटणीस झाले आणि रुग्णसाहित्य केंद्र काढलं. कल्पना माझीच. घरी माणूस अंथरुणाला खिळलं की कुबड्या, वॉकर, चाकाची खुर्ची, निजून निजून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पाण्याची गादी अशा वस्तू थोडे दिवस लागतात. त्या क्लबाने घेऊन ठेवायच्या, डॉक्टरांची चिठ्ठी बघून द्यायच्या, काम झालं की परत घ्यायच्या. जागा — आमची पडवी. नियमपत्रिका मीच लिहिली. तिचा पहिला नियम अजून पाठ आहे: वस्तू केंद्रात असेल तर ती मागणाऱ्यास त्याच दिवशी द्यावी. ‘त्याच दिवशी’च्या खाली मी रेघ ओढली होती. मला मराठीच्या बाईला रेघा ओढायची सवय.

आता शेवंती. शेवंती मिऱ्या बंदरावरून आमच्या आळीत मासे घेऊन यायची. बुधवारी आणि रविवारी, सकाळी नवाच्या सुमारास. पंधरा वर्षं तरी मी तिच्याकडूनच घेत होते. तिचा नवरा रघू बोटीवर खलाशी. गणपती झाल्यावर तो धक्क्यावर बर्फाची लादी उचलताना पाय घसरून पाठीवर पडला. कोल्हापूरला नेलं, ऑपरेशन झालं, पण कमरेखाली काही हलेना. घरी आणून निजवला, तो निजलेलाच. खाली सतरंजी आणि वर गोधडी, एवढंच अंथरूण.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्याहून आमचं सामान आलं. एका मोठ्या खोक्यात दोन पाण्याच्या गाद्या, दुसऱ्यात चाकाची खुर्ची. पुढच्या रविवारी प्रांताध्यक्ष यायचे होते, त्यांच्या हस्ते लोकार्पण. निमंत्रणपत्रिकेवर छापूनसुद्धा झालं होतं — दोन गाद्या, एक खुर्ची. खोक्यांवर धूळ बसू नये म्हणून मी त्यांच्यावर माझी जुनी निळी साडी पांघरली. खोक्यावरची चिकटपट्टीसुद्धा काढली नाही. प्रांताध्यक्षांच्या हातात कात्री द्यायची, त्यांनी पट्टी कापायची, त्याच क्षणी फोटो. मी शाळेत स्नेहसंमेलनं बसवलेली बाई, मला सगळं डोळ्यांसमोर दिसत होतं.

शेवंती बुधवारी आली. टोपली उतरवली आणि पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढली.

“बाई, तुमच्या क्लबात पान्याची गादी मिलते म्हनतात. ह्यांना मिलंल काय?”

मी चिठ्ठी वाचली. सही-शिक्का सगळं व्यवस्थित. आणि मी म्हणाले, “अगं, अजून पुण्याहून आलेली नाही. आठ दिवसांत येईल.”

इतकं सहज. जीभ अडखळली नाही, आवाज बदलला नाही. चारच दिवसांचा तर प्रश्न, असं मला वाटलं. चार दिवसांनी काय होणार आहे? हे वाटलं ते खरं आहे, पण त्याला मी कारण म्हणत नाही.

मग प्रांताध्यक्षांचा फोन आला. त्यांच्याकडे काही घरचं कार्य निघालं, दौरा पुढे गेला, आता दिवाळीनंतरच्या रविवारी. म्हणजे तीन आठवडे. त्या दिवशी आमचे अध्यक्ष घरी आले होते. वकील होते, पण माणूस सरळ. पडवीत खोकी बघून म्हणाले, “बाई, मधल्या काळात कुणाला निकड आली तर देऊन टाका हं. फोटोचं काय, रिकामं खोकंसुद्धा चालतं.”

हे मुद्दाम सांगते. उद्या तुम्ही माझी बाजू घ्याल — वरून दडपण असेल, बिचारी काय करणार. दडपण कुणाचंच नव्हतं. वाट मोकळी होती. दोन गाद्या होत्या, एक दिली असती तरी एक उरली असती. पण मला दोन हव्या होत्या. मला ती पट्टी अखंड हवी होती. मी “हो हो” म्हणाले आणि त्यांना चहा दिला.

शेवंती दुसऱ्यांदा आली. मी पुन्हा तेच सांगितलं. पुण्याच्या दुकानदाराला चार शब्द बोलले, म्हणजे माझ्या खोटेपणाला एक दुकानदारही जोडला. तीच उलट मला समजावायला लागली, की असूं दे बाई, तुमी तरी काय करनार.

तिसऱ्यांदा ती दिवाळीत आली. टोपली रिकामी होती, मासे विकून झाले होते, नुसती चिठ्ठी घेऊन आली होती. चिठ्ठी आता प्लास्टिकच्या पिशवीत, पाणी लागून शाई फुटलेली. ऊन फार होतं. मी पाणी आणायला आत गेले. बाहेर आले तर ती पडवीत खाली बसली होती — पाठ त्या खोक्याला टेकून. निळ्या साडीला डोकं टेकवून तिने डोळे मिटले होते.

माझ्या हातातला तांब्या... नाही, पडला नाही. काही पडलं नाही. मी तिला पाणी दिलं.

ती म्हणाली, “ह्यांच्या पाठीला भोक पडलाय, बाई. बोट जातंय आत.”

तुम्ही काय केलं असतंत? साडी ओढली असतीत ना? कुणीही ओढली असती. मी आत गेले आणि तिला फराळाची पिशवी भरून दिली. गादी दिली नाही, चकल्या दिल्या. करंज्या तुटू नयेत म्हणून वर ठेवल्या, इतकं मला सुचत होतं. तिने पिशवी घेतली. उठताना साडी जराशी ओढली गेली होती, ती तिने हाताने नीट सारखी केली आणि गेली.

तिला कळलं होतं का? खोक्यावर इंग्रजी अक्षरं होती, ती साडीखाली होती, आणि शेवंतीला वाचता येत नव्हतं. नाही कळलं. मी रात्रंदिवस उलटसुलट विचार केलाय, नाहीच कळलं.

सोहळा झाला. लाभार्थी हवी होती, म्हणून मीच शेवंतीला निरोप पाठवला. ती ठेवणीतलं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून आली. प्रांताध्यक्षांनी पट्टी कापली. शेवंती त्यांच्या पाया पडली, मग माझ्या पाया पडायला वाकली. पेपरातल्या फोटोत ती वाकलेली आहे आणि मी तिला खांद्याला धरून उठवते आहे. लोक म्हणाले, फोटो किती छान आलाय.

रिक्षातून मी स्वतः तिच्याबरोबर गादी घेऊन मिऱ्यावर गेले. घरात शिरतानाच वास आला. शेजारच्या दोघांनी रघूला कुशीवर वळवलं, आणि मी बघितलं. काय बघितलं ते लिहीत नाही. विहिरीच्या पाण्याच्या कळशा ओतून गादी भरली, त्याला वर निजवला. त्याने जरा वेळ डोळे मिटले. मग बारीक हसून मला म्हणाला, “बाई, होडीत निजल्यागत वाटतंय.”

अकराव्या दिवशी तो गेला. जखमेचं विष अंगभर भिनलं होतं.

पुढच्या सभेत वडा खाताना आमचे एक डॉक्टर सदस्य सहज म्हणाले, “वरातीमागून घोडं झालं हो. महिनाभर आधी गादी मिळाली असती तर ती जखम इतकी चिघळली नसती. पण केंद्रात नव्हतीच, त्याला तुम्ही तरी काय करणार?” मी मान हलवली. घरी येऊन नोंदवही उघडली. ‘मागणीचा दिनांक’ या रकान्यात मी सोहळ्याची तारीख लिहिली होती. ‘दिल्याचा दिनांक’, तीच. पहिला नियम अक्षरशः पाळलेला.

रघूचं कार्य आटोपल्यावर शेवंती गादी परत घेऊन आली. धुतलेली, सावलीत वाळवलेली, आतून पावडर लावून घडी घातलेली — नियमपत्रिकेत मी लिहिलं होतं तसं. कुणाकडून तरी वाचून घेतलं असणार. बरोबर पानात गुंडाळलेली दोन पापलेटं. मी नको नको म्हटलं, तिने ऐकलं नाही. ती मी मांजराला घातली. त्यानंतर घरात मासा शिजवला नाही. यांना सांगितलं, नवस आहे. शेवंतीलाही तेच. तिला ते खरं वाटलं, आणि आमच्या दारावरून जाताना ती पदराने टोपली झाकून घ्यायला लागली, माझा नवस मोडू नये म्हणून.

जूनमध्ये ढाल मिळाली. यांनी ती शोकेसमध्ये ठेवली, अजून तिथेच आहे. मी ती पुसत नाही. धूळ दिसली की तेच पुसतात.

शेवंती आहे अजून. थकली, टोपली सोडली, पण आहे. म्हणजे तिला सांगता येईल, आजही. मी सांगत नाही. सांगितलं तर अडीअडचणीला कुणी धावून आलं होतं ही तिची एवढीशी समजूतही जाईल, असं मी स्वतःला बजावते. पण हे तिच्यासाठी नाही, हे मला कळतं. मला तिचं तोंड बघवणार नाही, इतकंच आहे.

रघू गेल्यावर सात वर्षांनी, एका बुधवारी, ती वाडीतल्या एका सुनेला घेऊन फाटकाशी आली होती. सुनेची सासू अंथरुणाला खिळलेली. सून बुजत होती, आत यायला तयार नव्हती. ओळख ना पाळख, मोठ्या लोकांचा क्लब, देतील का म्हणून. मी दाराआड होते. शेवंती तिला म्हणाली, “चल गो. बाईंकडं गादी असंल, तर त्या नाय म्हनायच्या नायत.”

त्या दिवशी केंद्रात चार गाद्या होत्या. मी चिठ्ठीसुद्धा न बघता एक काढून दिली. शेवंतीने ती त्या सुनेच्या डोक्यावर चढवून दिली, माझ्याकडे वळून हसली, आणि दोघी उताराने खाली गेल्या.

गादी होती, शेवंती. तुझ्या पाठीशीच होती. मी नाही म्हणाले.