कवडूची खुर्ची

आमच्या घरात बसायला वस्तू नव्हती. बाप गावचं निरोप्याचं काम करायचा, म्हणजे दिवसभर कोणाच्या ना कोणाच्या ओसरीखाली उभा. माय कापूस वेचायला जायची. भाकरी असली तर चटणी नसे, चटणी असली तर भाकरी पुरत नसे. मी मॅट्रिक झालो, तेव्हा सगळ्या मोहल्ल्यानं माझा निकालाचा कागद हातात घेऊन पाहिला. वाचता कोणालाच येत नव्हता.

वर्ध्याच्या कॉलेजात निघालो, त्या दिवशी आर्वीच्या स्टेशनवर बाप सोडायला आला. पुलगावकडं जाणारी लहान गाडी उभी होती. मी बाकावर बसलो, तो खाली फरशीवर. गाडी हलली तसा बाजूनं चालत म्हणाला, "तिथं कोनी बस म्हनलं तं बसजो. उभा नोको राहू."

बी.ए. झालो. हिंगणघाटला तहसील कचेरीत कारकून लागलो, आणि खोली घेतली गिरणीमागच्या वस्तीत, आपल्याच लोकांत. तोवर आपण बुद्धाची दीक्षा घेतली होती, घरातले देव गेले होते. पण वस्तीतली पंधरा-सोळा वर्षांची पोरं पाहिली की जीव तुटायचा. सकाळी कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, मजुरी, संध्याकाळी पत्ते, नाहीतर हातभट्टीचे डबे वाहणं. नजर कायम जमिनीकडं.

कचेरी सुटल्यावर मी वर्ग सुरू केला. कचेरीतल्या साहेबांकडून मागून एका हाताची मोडकी खुर्ची आणली. नियम एकच. पाळीपाळीनं खुर्चीत बसायचं, आणि या आठवड्यात स्वतःच्या मनानं काय चांगलं केलं ते मोठ्यानं सांगायचं. पहिल्या दिवशी कवडू उठला. जिनात कापसाची ओझी वाहणारा, तोंडाचा फटकळ.

"मास्तर, इच्यापेक्षा मीच धड हाओ. इलेच बसवा माह्यावर!"

सगळे हसले. पण तो बसला. "या हप्त्यात डबे नाई वाह्यले," म्हणाला, आणि पहिल्यांदा वर पाहून बोलला. पुढं दर हप्त्याला तेच सांगायचा, अन् मला वाटायचं, मी जिंकलो.

एक दिवस दुपारच्या सुट्टीत तो जिनात मुकादमाच्या रिकाम्या खुर्चीत बसून भाकरी खात होता. मुकादमानं त्याला खाली ओढलं आणि कामावरून काढलं. संध्याकाळी तो माझ्या खोलीवर आला.

"तुमीच म्हनलं होतं ना, मास्तर? मंग मी खाली काऊन बसू?"

मी म्हणालो, चल, मी बोलतो. इस्त्रीचा सदरा घातला. मुकादम खुर्चीत होता, समोर बाक रिकामा. तो 'बसा' म्हणाला नाही.

"पोट्टे शिकवता का चढवता हो मास्तर?"

मी तहसील कचेरीतला माणूस, बी.ए. झालेला. दोन हात कधी जोडले गेले ते मलाच कळलं नाही. "चूक झाली, पोरगा आहे," असं काहीतरी बोललो. काम परत मिळालं नाही. बाहेर आल्यावर कवडू फाटकापर्यंत माझ्याबरोबर चालला. मग म्हणाला, "मास्तर, बाक रिकामा होता."

त्यानंतर तो वर्गाला आला नाही. नदीकडच्या वाटेवर डबे नेताना दिसायचा. मी हाक मारली की हसायचा, "येतो जी." यायचा नाही. मी आणखी काय करणार होतो? त्याच्या मायला भेटलो, दुसऱ्या दोन जिनांत विचारलं. ज्याच्यासाठी पोरं मला 'मास्तर' म्हणत, ते माझ्यापाशी होतं की नाही, हेच मला कळेना.

गावी राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांनो, मी बापाचं वाक्य पदवीसारखं मिरवलं. कोणी म्हटलं तर बस. कोणी म्हणेपर्यंत काय करायचं, ते बापालाही कोणी सांगितलं नव्हतं. कवडूला ते न सांगता उमगलं होतं, आणि त्याच्या बाजूला बसायच्या वेळी मी उभा राहिलो.

बाप एकदा हिंगणघाटला आला. मी खुर्ची पुढं केली. तो उंबऱ्यात बसला, म्हणाला, "राहू दे रे, मले इथंच बरं." आता घर म्हटलं की मला तो उंबरा दिसतो, ना आत, ना बाहेर.

चार वर्षांत त्या वर्गातले दोघं मॅट्रिक झाले. कवडू त्यांत नव्हता. आणि मी आता कुठल्याही कचेरीत गेलो, की कोणी म्हणायच्या आधी बसतो.