कर्नल मिसाक निरोप घेऊन येतो

फाउलर गावच्या द्राक्षमळ्यांतल्या बायकांनी कर्नल मिसाक तुतेलियानची धास्ती घेतली, ती त्याच्या वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. त्याआधी सत्तावीस वर्षं हाच माणूस गावाचा मानाचा तुरा होता. चर्चमध्ये पहिल्या बाकावर त्याची जागा, लग्नाच्या पंगतीत पहिलं ताट त्याचं. आणि आता? त्याची हिरवी सरकारी गाडी वळणावर दिसली की अंगणातली बाई हातातलं काम टाकून आत पळायची आणि दाराला कडी लावायची. कडी लावून मरणाची बातमी थोडीच बाहेर राहते! पण जीव वेडा असतो, त्याला कोण समजावणार?

सगळ्यांत जास्त धास्ती त्याच्या सख्ख्या धाकट्या बहिणीला, नेव्हार्तला. तिचा एकुलता एक बेर्ज तेव्हा व्हिएतनाममध्ये लढत होता.

मिसाक फौजेत गेला तेव्हा नेव्हार्त पंधरा वर्षांची होती. आईबाप मायदेशातल्या कत्तलीतून वाचून, वाळवंट पायी तुडवून इथवर पोचलेले. आईने कपाळावर हात मारून घेतला. "मेल्या, आयुष्यभर सैनिक आमच्या मागे लागले, आणि तू आपणहून सैनिक होतोस?"

"म्हणूनच होतोय आई," तो म्हणाला. "आपल्यातल्याही कुणीतरी एकदा बंदूक धरायला नको?"

पुढे इटलीत एका डोंगरावर गोळ्यांच्या माऱ्यात तो तीनदा मागे फिरला आणि चार जखमी माणसं पाठीवर घेऊन आला. त्याचं पहिलं पदक. कोरियाच्या बर्फात वेढा पडला तेव्हा त्याने अख्खी तुकडी चालवत बाहेर काढली. त्याचं दुसरं. ते घेऊन घरी आला तर आईने डबीकडे बघितलंसुद्धा नाही. "तो पत्रा राहू दे. बूट काढ आधी." त्याने बूट काढले. आईने बोटं मोजली. आठच भरली. "दोन कुठे ठेवून आलास रे?" सगळं घर खो खो हसलं. आई तेवढी हसली नाही.

साध्या शिपायाचा कर्नल झाला, पण लग्न काही केलं नाही. "फौजेला सवत खपत नाही," म्हणायचा. घर म्हणायचं तर नेव्हार्तचंच. तिचा नवरा गाराबेद ट्रॅक्टरखाली सापडून गेला तेव्हा बेर्ज नऊ वर्षांचा होता. मिसाक जर्मनीहून रजा काढून धावत आला. दफनानंतरचं जेवण वाढलं, तसं शेजारच्या मळ्यातल्या होव्हसेप आजोबांनी, म्हणजे वस्तीतल्या सगळ्यांत जुन्या माणसाने, पहिली थाळी मिसाकपुढे सरकवली. "आजपासून ह्या घरातलं वडील माणूस तू." नेव्हार्तला त्या दिवशी केवढा आधार वाटला होता!

दहा वर्षांनी बेर्ज उभा राहिला आणि म्हणाला, मला मामासारखं व्हायचंय. नेव्हार्तने भावाचे हात धरले. "दादा, एकदा नाही म्हण. तू नाही म्हटलंस तर तो थांबेल."

"मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू गं?" मिसाक म्हणाला, आणि त्याने भाच्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो आशीर्वाद नेव्हार्तच्या काळजात रुतला तो रुतलाच. भिंतीवरची त्याची पदकं तिने दुसऱ्याच दिवशी उतरवून माळ्यावर टाकली. पुसायला काढलीत, असं कुणी विचारलं तर सांगायची. पुसत कशाला होती!

मिसाक स्वतः वर्षभर त्याच लढाईत राहून परतला. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. फौजेने त्याला घराजवळची सोपी नेमणूक दिली. सोपी म्हणे! आसपासच्या गावांतली पोरं तिकडे पडायची, आणि त्यांच्या घरी जाऊन सांगायचं काम ह्याचं.

आपल्या माणसांतल्या पहिल्याच घरी त्याने चूक केली. दार उघडलेल्या आईलाच सांगून टाकलं. बाई उंबऱ्यावर कोसळली, आणि आतून तिचा म्हातारा सासरा काठी आपटत आला. "कर्नल झालास म्हणून रीत विसरलास? मी काय मेलो होतो? वडील माणसाला आधी सांगतात, मग तो बाईला सांगतो. परक्याच्या तोंडून पोराचं मरण ऐकवतात काय?" मिसाकने मान खाली घातली. त्यानंतर आपल्या घरांत तो कधीच बाईशी बोलला नाही. टोपी काढायची, बाईला ओलांडून आत जायचं, म्हाताऱ्याच्या कानाशी वाकायचं. बायकांनाही ते पाठ झालं. कर्नल समोर थांबून बोलला तर समजा वाट विचारतोय. न बघता पुढे गेला, की संपलं.

एका उन्हाळ्यात अशी सहा घरं झाली. चर्चमध्ये त्याच्या बाकावर कुणी बसेना. एका बाईने तर तोंडावर सांगितलं, "तुम्ही देवमाणूस आहात कर्नल, पण आमच्या रस्त्यानं येत जाऊ नका." तो बरं म्हणाला आणि लांबच्या रस्त्याने जायला लागला. माणूस वाळत चालला होता. नेव्हार्तला दिसत होतं, पण दया यायच्या आधी भीतीच यायची. रविवारी जेवायला आला की ती आधी त्याचा चेहरा वाचायची आणि मग पानं घ्यायची. त्यालाही ते कळायचं. दारातूनच म्हणायचा, "भात टाक गं. नुसता भुकेला आहे."

सप्टेंबर आला. द्राक्षं उतरवून बेदाण्यांसाठी ओळींमधल्या मातीवर कागदांवर पसरली होती. वरची बाजू वाळून काळी झाली की घोस उलटावे लागतात, आणि ते एकट्यादुकट्याचं काम नव्हे. वरून दुसरा कागद घालायचा, दोघींनी दोन टोकं धरायची आणि एका झटक्यात पालथं करायचं. नेव्हार्तच्या जोडीला होव्हसेप आजोबांची सून शनोरिग होती. शनोरिगचा मुलगा नुबारही तिकडेच, बेर्जबरोबर एकाच दिवशी भरती झालेला. दोघी दिवसभर टिंगलटवाळी करायच्या आणि पोरांचं नाव चुकूनही काढायच्या नाहीत. आजोबा बांधावरच्या अंजिराखाली बसून आवाज द्यायचे, "तोंडं चालतात तेवढे हात चालवा की गं!"

तेवढ्यात शनोरिगचा हात थांबला. नेव्हार्तने वळून बघितलं. बांधापाशी हिरवी गाडी उभी होती.

मिसाक उतरला. पूर्ण गणवेश. आजूबाजूच्या ओळींतल्या बायका जागच्या जागी थिजल्या. तो दोघींच्या ओळीत शिरला आणि चालत आला, मातीकडे बघत. नेव्हार्तने मनातल्या मनात हात जोडले. देवा, बेर्ज नको. दुसरं कुणीही चालेल, पण माझा बेर्ज नको. तो इतक्या जवळून गेला की त्याच्या बाहीचा तिला स्पर्श झाला. थांबला नाही. शनोरिगलाही ओलांडून गेला, अंजिराखाली पोचला, टोपी काढली आणि होव्हसेप आजोबांच्या कानाशी वाकला.

"नुबार!" शनोरिगने हंबरडा फोडला आणि ती द्राक्षांवरच कोसळली.

"देवा, तुझे उपकार!" नेव्हार्तच्या तोंडून निघून गेलं. मोठ्याने. साऱ्या मळ्याने ऐकलं.

मग शरमेने तिचं तोंड भाजलं. तिने गुडघे टेकले, शनोरिगला छातीशी ओढलं. "धीर धर गं, मी आहे," ती म्हणत राहिली, आणि आत मात्र आनंद मावत नव्हता. स्वतःचीच किळस येत होती तरी तो थांबत नव्हता. बेर्ज नोव्हेंबरात येणार. आला की त्याचं लग्नच उरकून टाकायचं, परत पाठवायचंच नाही.

आजोबा काठी टेकत ओळीतून आले. मिसाक आला नाही. इटलीत जखमींसाठी तीनदा मागे फिरलेला तो माणूस अंजिराला धरून, पाठ करून उभा होता.

"आजोबा, सांगा तिला," नेव्हार्त म्हणाली. "मी धरलंय तिला घट्ट."

आजोबांनी सुनेकडे बघितलं. "शनोरिग, ऊठ. नुबार बरा आहे."

दोघींनाही काही कळेना. म्हातारा मोठ्या कष्टाने खाली वाकला, आणि त्याने नेव्हार्तच्या डोक्यावर हात ठेवला.

"तुझ्या घरात वडील माणूस तोच ना गं, पोरी. त्याला सकाळीच कळलं. पण तुला सांगायला त्याची जीभ उचलेना, म्हणून आला माझ्याकडे."

नेव्हार्तचे हात अजून शनोरिगभोवतीच होते. शनोरिगने ते हळूच सोडवले. तिच्याही ओठांशी मघाचे तेच शब्द आले होते. तिने ओठ दातांखाली घट्ट दाबून धरले, आणि नेव्हार्तला मिठीत घेतलं.