काठी घरी ठेवा

माझं तोंड बंद करणं अवघड, असं दौंडात माझ्याबद्दल म्हणतात. तहसील कचेरीपुढं, एसटी स्टँडवर, कुणाच्या ओट्यावर – मी कुठंही बोलू शकते. ही एक गोष्ट मात्र मी कुणापाशी पुरती सांगितलेली नाही. आईपाशी नाही, संघटनेतल्या माणसांपाशी नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलतेय का? असेलही.

माझे वडील रेल्वेत होते, युनियनचे कार्यकर्ते. घरात पत्रकांचे गठ्ठे असायचे. पाहुणा आला की गठ्ठा सरकवून त्याला बसायला जागा करायची. 'जाहीर निषेध' हे शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचता आले. जगात दोनच बाजू असतात, लुबाडणारे आणि लुबाडले जाणारे, असं मी फार दिवस मानत होते. आणि मी कुठल्या बाजूला, याची मला कधी शंका आली नाही. तिथूनच सगळं – पण नाही, वडिलांवर ढकलायला नको. त्यांनी मला खोटं बोलायला शिकवलं नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कॉलेज सुटलेलं. आम्ही चार-पाच जण दौंड आणि शिरूर तालुक्यातल्या अपंगांचे अर्ज फुकट भरून द्यायचो. सरकारकडून त्यांना महिन्याला थोडी मदत मिळायची. गावात तिला 'निराधारचा पगार' म्हणतात. त्यासाठी पुण्याला डॉक्टरांच्या बोर्डापुढं जाऊन दाखला आणावा लागे, आणि दाखल्यावर निदान चाळीस टक्के अपंगत्व हवं. कमी भरलं की अर्ज बाद. कचेरीबाहेर एजंट बसायचे. बोर्डापुढं कसं लोळायचं, कसं कण्हायचं, हे ते पैसे घेऊन शिकवायचे. मला त्याची किळस यायची. हक्क भिकेसारखा का मागायचा? – असं मी एका पत्रकात लिहिलं होतं. ते वाक्य मला फार आवडायचं.

शब्बीरमामा मांडवगण फराट्याचे. नदीकाठच्या विहिरींमधल्या मोटारी काढायच्या, बसवायच्या, हे त्यांचं काम. एकदा दोर सुटला आणि ते मोटारीसकट खाली गेले. खुब्याचं हाड वाकडं जुळलं. काठीशिवाय त्यांना अंगणही ओलांडता येत नव्हतं. मामी दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची, आणि तेवढ्यावर घर चालायचं. पगार मिळाला तर थोरल्या मुलीची शाळा सुटणार नव्हती. इतकंच त्यांना हवं होतं.

शिरूरच्या कचेरीबाहेर आम्ही पहिल्यांदा भेटलो, तेव्हा एक एजंट त्यांना पटवत होता.

"मामा, दारातच बसकन मारायची. रडाया येतंय का?"

"घरी बायको हाय. रोजचा सराव हाय," मामा म्हणाले, आणि अख्खी रांग हसली.

मी मात्र हसले नाही. त्यांना बाजूला घेऊन मी सांगितलं, मामा, तुम्ही कष्टाचे माणूस. बोर्डापुढं ताठ जायचं. डॉक्टर सांगतील ते पूर्ण ताकदीनं करायचं. आपण नाटक करायचं नाही.

"नाटक कशाला करू ताई? पाय खराच मोडलाय की."

"मग काठी कशाला? काठी घरी ठेवा."

मी हे म्हणाले. मीच. काठी हीच खरी होती हो! काठीशिवाय चालणं – तेच नाटक होतं, आणि ते मी शिकवलं. तेव्हा कळलं नाही, असं मी म्हणू शकते. पहिल्या दिवसापुरतं ते खरंही आहे.

मामी नंतर सांगत होती, मामा रोज पहाटे अंगणात सराव करायचे. भिंतीला हात लावून, मग हात सोडून. "ताई म्हणल्यात ताठ जायचं," असं म्हणायचे.

पुण्याला मी सोबत गेले. मामा बोर्डापुढं चालले. दात आवळून, पण चालले. डॉक्टरांनी पायावर हात ठेवून सांगितलं, जोर लावा. मामांनी असा जोर लावला की मानेच्या शिरा वर आल्या. डॉक्टर म्हणाले, "चांगली ताकद आहे की." मामांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या तोंडावर काय आनंद होता! परीक्षेत उत्तर बरोबर आल्यासारखा.

दाखल्यावर छत्तीस टक्के आले.

परत येताना त्यांना एसटीतून उतरता येईना. कंडक्टरनं आणि मी उचलून खाली घेतलं. पुढं कितीतरी दिवस ते खाटेवरून उठले नाहीत.

आता सांगा, मला काय करायला हवं होतं? तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं – तेव्हाच, एसटीतच. पण मला कुणीतरी गुन्हेगार हवा होता, आणि तो मी नको होते. मी पत्रक काढलं: बोर्डात पैसे चालतात, पैसे न दिल्यानं एका गरीब कारागिराचे टक्के कापले. कुणी पैसे मागितले नव्हते. ज्या डॉक्टरांनी दाखला दिला, त्यांनी समोर दिसलं ते लिहिलं होतं, बाकी काही नाही. मी त्यांच्यावर लाचखोरीचा आळ घेतला, आणि शिरूरच्या बाजारात लोकांनी त्याला टाळ्या वाजवल्या. मामा बरे झाल्यावर स्टँडवर बसून स्वतःच्या हातानं ती पत्रकं वाटायचे. "आमच्याच गरिबाची गोष्ट हाय, वाचा," म्हणायचे.

आमच्याकडे दौंडात एक वकीलबाई होत्या. गरिबांची कामं फी न घेता करायच्या. मी मोठ्या तावात त्यांच्याकडे गेले. कोर्टात खेचू, असं काहीतरी म्हणाले. त्यांनी सगळं ऐकलं. काठीचंही ऐकलं.

"अगं, यात भांडण कुठंय?" त्या म्हणाल्या. "फेरतपासणी मागू. घरात जसे चालतात, तसंच दिसू दे ना डॉक्टरांना. मागच्या खेपेला काठी का नव्हती, ते तू लिहून दे. आणि ते पत्रक आधी मागं घे. एवढं केलंस तर माणसाचं काम होईल."

एवढंच. साधा रस्ता होता, मोकळा होता. बघते म्हणाले आणि बाहेर पडले. पुन्हा त्यांच्याकडे गेले नाही.

मांडवगणला जाऊन मी मामांना सांगितलं: वकील म्हणतात, काही होणार नाही.

ते खाटेच्या कडेला बसले होते. त्यांनी हळूच विचारलं,

"ताई, मी त्या दिशी जास्तीच चांगला चाललो का वं? काठी न्हेली असती तर?"

हा प्रश्न त्यांनी मला विचारला. मला दोष देत नव्हते – स्वतःला देत होते. मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "काही फरक पडला नसता मामा. त्यांना पैसे हवे होते."

"मंग माझं चुकलं न्हाई," ते म्हणाले, आणि मामीला चहा टाकायला सांगितला. मी तो प्याले.

मुलीची शाळा त्या वर्षी सुटली. ती आईबरोबर खुरपायला जाऊ लागली.

आता जे सांगणार आहे, ते आधीच्या सगळ्याहून वाईट आहे. त्यानंतर जो कुणी अपंग माझ्याकडे आला, त्याला मी सांगू लागले – काठी सोडू नका. घरात जसे चालता, तसेच बोर्डापुढं चाला. दुखतं तिथं दुखतं म्हणा. माझी चूक काय झाली, हे मला इतकं नेमकं समजलं होतं. तिच्यातून मी शिकले, आणि त्याचा फायदा सगळ्यांना दिला. एका माणसाला सोडून.

केंदूरचे एक आप्पा होते, गुडघा मोडून एक पाय अधू झालेले. त्यांचा दाखला झाला, पगार मंजूर झाला. पेढे घेऊन ते कचेरीपुढं आले. त्या दिवशी मामाही आले होते; कुणाकुणाला सोबत म्हणून ते येत असत. आप्पांनी सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले,

"ताईंची किरपा! मी तर कुबडी घरीच ठेवणार व्हतो. ताई म्हणल्या, खुळं हाय का, कुबडी न्या. जशे हाय तशे दिसा."

मामांच्या तोंडात पेढा होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही – रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. हिशेब जुळवावा तसं बघितलं. मग पेढा गिळला आणि आप्पांना म्हणाले, "चांगलं झालं तुमचं."

मी तिथंच बोलू शकले असते. फेरतपासणीचा रस्ता अजूनही उघडा होता. वकीलबाई दौंडातच होत्या. मी खुर्चीवर बसून पुढच्या माणसाचं नाव विचारलं.

मामा परत कधी आले नाहीत. दोन पावसाळ्यांनी ते गेले. पगार न मिळताच गेले. मी मांडवगणला भेटायला गेले, तेव्हा मामी बायकांच्या घोळक्यातून उठून जवळ आली, माझे हात धरले आणि सगळ्यांना म्हणाली, "ह्या ताईनं लय केलं आमच्यासाठी."

मामांनी तिला सांगितलं नव्हतं.

मीही सांगितलं नाही.