वहिनींचं काटेरी कुंपण

"वहिनी, उद्या मोजणीवाले येतायत आणि पाठोपाठ जेसीबी. तुमचं ते जंगल आजच काढून घ्या."

भाऊजींनी मोटारसायकल बंदही केली नव्हती. वहिनी शिलाई मशीनवरून उठल्या नाहीत. दातांत टाचण्या धरूनच म्हणाल्या, "जंगल नाही, कुंपण आहे."

"कुंपण तारेचं असतं! हे सापांचं बिऱ्हाड. तुमच्या मुंगसाने माझी कोंबडी नेली."

"एक नेली. तुमच्या गोदामातले उंदीर किती खाल्ले, ते नाही सांगितलंत."

"बांध सामाईक आहे, वहिनी. माझ्या अर्ध्यातलं मी उपटणार."

ते गेले आणि वहिनींचा पाय मशीनवरच थांबला. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या भोपळ्याचा वेल फुलांनी लगडला होता, पण फळ एकही धरेना. मधमाशीच उरली नव्हती. रोज पहाटे कापसाच्या बोळ्याने फुलाफुलाला पराग लावून कंबर धरली, तेव्हा त्यांनी ठरवलं की बस्स. शेताच्या कडेने बोर, करवंद, मेंदी, मिळेल ते लावलं. गावाने त्यांचं नाव 'काटेवहिनी' पाडलं. आता तिथे तितरं अंडी घालत होती, मधमाश्या परतल्या होत्या आणि भोपळे आपसूक धरत होते. ते सगळं एका सकाळीत जाणार?

दुसऱ्या दिवशी वहिनी कुंपणाला पाठ लावून उभ्या राहिल्या. गळ्यात शिलाईची टेप तशीच. समोर जेसीबी गुरगुरत होता.

"बाई, बाजूला व्हा," चालक म्हणाला.

"आधी मोजणी होऊ दे. मग माझ्यासकट उचला."

मोजणीदार नकाशा घेऊन चालत राहिला. बांध ओलांडून भाऊजींच्या मक्याच्या खुंटांत शिरला, वाकला आणि माती उकरू लागला.

"हद्दीचा दगड इथे आहे."

वहिनींनी मान वळवून पाहिलं. दगड कुंपणापासून चांगला चार पावलं पलीकडे होता, म्हणजे मधला पट्टाही वहिनींचाच. दरवर्षी नांगरताना भाऊजी बांधाची एकेक ओळ आपल्या शेतात कोरून घेत आले होते. इतकी वर्षं, की खरी हद्द तेच विसरले आणि स्वतः मोजणी बोलावून बसले.

"नांगर आहे तो," भाऊजी घाम पुसत म्हणाले. "होतो जरा इकडेतिकडे."

"दरवर्षी इकडेच? तिकडे एकदाही नाही?"

मोजणीदाराने हसू दाबलं.

"घरातली गोष्ट आहे, वहिनी. आपण समजून घेऊ."

"मला समजलंय सगळं."

चालकाने डोकं बाहेर काढलं. "मग मी जाऊ का परत?"

"जाताय कशाला? भाऊजींनी एवढं बोलावलंय तुम्हाला." वहिनी ताडताड चालत त्या दगडाजवळ गेल्या. "या पट्ट्यात चर मारा. कुंपणाची दुसरी रांग लावायचीय."

"वहिनी, हे अति होतंय!"

"अजून खोल घ्या हो," वहिनी चालकाला ओरडल्या. "बोरीला खोल लागतं."