ताईचा पालक, धाकट्याचा मायाळू

निवृत्त झाल्यावर धाकट्याने बोलणंच टाकलं. भांडण नाही, आजार नाही, नुसती जीभ आवरून घेतली. त्याची सगळी नोकरी लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली होती. इमारतीच्या पोटातल्या त्या अंधाऱ्या विहिरीत, कमरेला पट्टा बांधून, तोंडात बॅटरी धरून तो पोलादी दोर तपासायचा. दोरातली एखादी तार जरी तुटलेली असली तरी डोळ्यांआधी ती त्याच्या बोटांना कळायची. पुढे गुडघे गेले, कंपनीने हातात घड्याळ ठेवून निरोप दिला, आणि गडी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी दूरच्या शहरात. शेवटी थोरली बहीणच आली. तिने त्याची बॅग भरली, "चल माझ्याकडे" म्हणाली आणि घेऊन गेली.

ताईने उभा जन्म हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत काढला होता. गरम चादरींच्या घड्या घालून घालून तिच्या तळहातांवरच्या रेषा पुसट झाल्या होत्या. आईवडील लवकर गेले तेव्हा याला तिनेच वाढवलं. त्यामुळे साठी उलटून टक्कल पडलं तरी तो तिचा 'बाळ्या'च होता.

तिच्या स्वयंपाकघरामागे चिंचोळी गच्ची होती. तिथे पत्र्याच्या जुन्या टबात ती पालक लावायची. दुसरी कुठली पालेभाजी तिच्या खिजगणतीतच नव्हती.

"पेरला की महिनाभरात ताटात," ती सांगायची. "वरून कापला की खालून फुटतो. नखरा नाही, आधार नको, कुणाच्या अध्यात ना मध्यात."

पण त्या वर्षी ऊन लवकर तापलं आणि या गुणी पालकाने ताईला दगा दिला. पानं फुटायची सोडून मधूनच उंच दांडा वर आला, त्याला बारीक हिरवा फुलोरा धरला आणि उरलेली पानं कडू झाली. ताईने दोन शिव्या हासडल्या आणि बाजारातल्या रोपवालीला गाठलं.

रोपवाली म्हणाली, "अहो बाई, उन्हाळ्यात पालकाचा नाद सोडा. हा मायाळू न्या. ऊन तापेल तसा हा खूश. फक्त चढायला काहीतरी द्या त्याला."

तिने हातावर ठेवलं ते एक जांभळट, रसरशीत देठाचं बोटभर कांडं. त्याला दोनच पानं होती, जाड आणि तेल लावल्यासारखी चकचकीत. ताईला ते काही पटलं नाही. तिने घरी येऊन ते कुंडीत खोचलं आणि भावाला म्हणाली, "हे तुझं. नुसता बसून राहू नकोस, पाणी घाल."

तो पाणी घालू लागला. बरेच दिवस काहीच झालं नाही. "मेलं वाटतं," ताई म्हणायची. तो मान हलवायचा, हो की नाही ते तिला कळायचं नाही. मग एकदाचं ते कांडं जागं झालं. एक लवलवता शेंडा निघाला, वीतभर वाढला आणि कशाचाही आधार नसताना हवेत तिरका उभा राहिला.

एके दिवशी सकाळी चहा घेताना धाकट्याने पाहिलं, शेंडा कठड्याकडे तोंड करून होता. पेपर वाचून झाल्यावर पुन्हा नजर गेली तर तो पाण्याच्या टाकीकडे! वाऱ्याने असेल म्हणावं, तर वाऱ्याचं नाव नव्हतं. त्याने खडू आणला, शेंड्याच्या बरोबर खाली फरशीवर खूण केली आणि खुर्ची ओढून बसला. थोड्या वेळाने दुसरी खूण केली, मग तिसरी. ऊन डोक्यावर आलं तरी तो हलला नाही. दुपार कलली तेव्हा फरशीवरच्या खुणांचं वेडंवाकडं वर्तुळ पुरं होत आलं होतं.

"ताई!" तो ओरडला.

इतक्या महिन्यांत त्याचा आवाज असा ऐकला नव्हता. हा पडला असं समजून ताई हातातला झारा घेऊनच धावत आली.

"काय झालं रे?"

"हे फिरतंय."

"तुझं डोकं फिरतंय. उन्हात बसलास ना दिवसभर!"

"शेंडा बघ ताई, शेंडा. आधार शोधतोय तो. अंधारात आपण भिंत चाचपतो ना, तसा."

ताईने झारा खाली ठेवला, बादली उपडी घातली आणि तिच्यावर बसली. बघताना काहीच हलत नव्हतं. पण क्षणभर मान वळवून पुन्हा पाहिलं की शेंडा होता तिथे नसायचा. तिने बादली आणखी जवळ ओढली.

मग धाकट्याने आपल्या बॅगेतून नोकरीतला नायलॉनचा दोर काढला. वरच्या मजल्यावरच्या चष्मेवाल्या शेजाऱ्यांना विचारून त्याने तो त्यांच्या खिडकीच्या गजाला बांधला आणि खाली कुंडीपर्यंत सोडला. दुसऱ्या दिवशी फिरत फिरत शेंडा दोराला टेकला आणि संध्याकाळपर्यंत त्याने दोराला विळखा घातला.

"मी जन्मभर माणसं वर चढवली," धाकटा हळू आवाजात म्हणाला. "त्याला मोटर लागते, कप्पी लागते, वजनं लागतात, ब्रेक लागतो. याच्याकडे यातलं काय आहे, सांग?"

ताईने वाकून तो विळखा बोटाने चाचपला. 

उन्हाळाभर वेल चढत राहिला. एके सकाळी वरून चष्मेवाले ओरडले, "अहो, तुमचं काहीतरी आमच्या खिडकीत आलंय!" आणि खाली येऊन मूठभर पानं घेऊन गेले. आता धाकट्याच्या बोलण्याला जणू खंड नव्हता. जेवताना बहीणभावाची रोज जुंपायची.

"कसला बुळबुळीत आहे रे तुझा मायाळू! तोंडात साबण धरल्यासारखं वाटतं."

"आणि तुझा पालक? टोपलीभर कढईत टाकावा तर चमचाभर हाती लागतो. बाकीचा जातो कुठे?"

ऊन उतरल्यावर ताईने टबात पुन्हा पालक पेरला. तो तिच्या म्हणण्याप्रमाणे गुपचूप वाढला. आणि मग, पानं कापायला आली असतानाच, एका रात्रीत थंडीने कहर केला.

सकाळी धाकट्याने दार उघडलं आणि उंबऱ्यातच थबकला. कठड्यावर पांढरा थर होता. वरच्या खिडकीपर्यंत चढलेला मायाळू काळा पडून ओल्या फडक्यासारखा दोरावर लोंबत होता. त्याने देठ धरला तर बोटांत त्याचं पाणी झालं. पलीकडे टबातला पालकही मातीवर आडवा पडला होता, पानं काचेसारखी ताठ. एका पानाला बोट लावलं तर कुरकुर वाजलं.

"तुझाही गेला, ताई," तो म्हणाला आणि उपटायला वाकला.

"हात लावू नकोस!" ताई शाल आवळत बाहेर आली. "असा पडलेला मी पूर्वीही पाहिलाय. पहाटे कामाला निघताना आडवा असायचा आणि संध्याकाळी परत येऊन बघावं तर उभा. मला वाटायचं, सकाळच्या घाईत मीच नीट बघत नाही."

"मधे काय होतं?"

"मधे मी लॉन्ड्रीत असायचे ना! मला काय ठाऊक?"

दोघं बसले, तो खुर्चीत आणि ती बादलीवर. ऊन कठड्यावरून सरकत सरकत टबापर्यंत आलं. पानांवरचा पांढरा थर विरघळला आणि पानं ओली, काळपट, मेल्यासारखी दिसू लागली. धाकट्याने सुस्कारा सोडला. ताईने टबावरची नजर हलवली नाही.

मग कडेचं एक पान मातीपासून किंचित सुटलं. त्याच्या शेजारचा देठ थरथरला आणि वाकलेला कोन जरासा उघडला. एकेक करत, कुठलीही घाई न करता, सगळा टब उठू लागला. कुणी हाक मारली नव्हती, कुणी धरलं नव्हतं. दुपारपर्यंत पालक हिरवागार उभा होता, जणू काही झालंच नाही.

धाकट्याचे डोळे भरून आले होते. "माझा कितीही वर चढला," तो म्हणाला, "पण हे त्याला नाही जमलं."

"तुझं फिरणं तरी याला कुठे जमतंय?" ताई म्हणाली.  "बाळ्या, इतकी वर्षं हे माझ्या पाठीमागे चाललं होतं रे. आणि मी नुसतं कापून खात होते."

तिने सकाळीच कात्री आणून ठेवली होती. ती उचलून तिने आत नेली.

"आज नको," ती म्हणाली. "आज राहू दे त्याला."

त्या दिवशी दोघांनी पावाबरोबर अंडी उकडून खाल्ली. ताटं गच्चीतच आणली होती आणि ऊन जाईपर्यंत कुणी आत गेलं नाही.